गिअरबॉक्स ऑइल, ॲक्सल बूट, हब नट: घरी काम करताना टॉर्क किती आणि कसा लावायचा?

मोकळा_पान्हा (धागाकर्ता)

गाडी होंडा सिटी, २००९, मॅन्युअल गिअर. दोन कामं हाती घ्यायची आहेत. गिअरबॉक्सचं ऑइल बदलायचं आहे आणि डाव्या पुढच्या ॲक्सलचा बाहेरचा रबरी बूट बदलायचा आहे. बूट फाटून ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला उडालं आहे, पण वळताना कट-कट आवाज अजून येत नाही. हत्यारं आहेत ती अशी: अर्धा इंची गोटी (सॉकेट) सेट, जॅक, दोन जॅक स्टँड आणि अर्धा इंची ४० ते २०० एनएमचा (न्यूटन-मीटर) क्लिक टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराला क्लिक करणारा पाना.

विचारायचं आहे ते असं. कुठल्या नटाला किती टॉर्क, म्हणजे आवळताना किती पिळाचा जोर? नेटवर एकाच नटाचे तीन-तीन आकडे दिसतात. आटे कोरडे ठेवायचे की ऑइल लावायचं? आणि हब नट, म्हणजे ॲक्सलच्या टोकावरचा मोठा नट, जुनाच परत लावला तर नेमकं काय बिघडतं? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

आटे_सांभाळा

तीन आकडे दिसतात त्याचं पहिलं कारण एकक. होंडाच्या मॅन्युअलमध्ये प्रत्येक टॉर्क तीन एककांत छापलेला असतो. तुमच्या ड्रेन प्लगचंच (ऑइल काढायच्या भोकाचं बूच; भरायच्या भोकाचं ते फिलर प्लग) बघा: ३९ एनएम, ४.० किलोग्रॅम-मीटर, २९ फूट-पाउंड. तिन्ही एकच. अमेरिकन व्हिडिओत २९ ऐकून रेंच २९ एनएमवर लावला तर प्लग ढिला राहतो. उलट ३९ हा आकडा फूट-पाउंड समजून लावला तर ५३ एनएम होतात, आणि ॲल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे खेचायला तेवढं पुरतं. १ फूट-पाउंड म्हणजे १.३५६ एनएम आणि १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८१ एनएम, हे दोन गुणक रेंचच्या डब्याच्या झाकणावर लिहून चिकटवा.

तुमच्या कामाचे आकडे, त्या पिढीच्या जॅझ-सिटीच्या मॅन्युअल गिअरसाठी:

गिअरबॉक्स ड्रेन प्लग: ३९
गिअरबॉक्स फिलर प्लग: ४४
पुढचा हब नट (२२ मिमी आटे, ३२ ची गोटी): १८१
चाकाचे नट (१२ मिमी): १०८

पुढे कधी क्लचपर्यंत गेलात तर प्रेशर प्लेटच्या ८ मिमी बोल्टना २५ आणि इंजिनला गिअरबॉक्स जोडणाऱ्या १२ मिमी बोल्टना ६४. सगळे एनएममध्ये. ऑटोमॅटिकवाल्यांनी ड्रेन प्लगचा हा आकडा उचलू नये, होंडाच्या ऑटोमॅटिकच्या ड्रेन प्लगला ४९ असतो. आणि काम सुरू करण्याआधी हे सगळं स्वतःच्या मॉडेल-वर्षाच्या मॅन्युअलशी एकदा ताडून घ्या. धाग्यावरचा आकडा हा पडताळा म्हणून ठीक, मूळ आधार मॅन्युअलच.

तुमच्या हत्यारांत मात्र एक अडचण आहे. ४० ते २०० च्या रेंचवर ३९ लावताच येत नाही, आणि ४४ म्हणजे अगदी तळाला. क्लिक रेंचवर भरवसा ठेवायचा तो कमाल क्षमतेच्या २० टक्क्यांपासून वर. प्लगसाठी ३/८ इंची, १०० च्या आतबाहेर संपणारा दुसरा रेंच घ्या किंवा कुणाकडून तरी आणा. हब नटाला आणि चाकांना आहे तो उत्तम.

ताण_आणि_पकड

वर आटे_सांभाळा यांनी एककाचं सांगितलं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे, ते घर्षणाचं.

रेंचवर आपण टॉर्क मोजतो, पण जोडाला हवा असतो तो बोल्टमधला ताण. बोल्ट रबरासारखा किंचित ताणला जातो आणि परत आखडू पाहतो, त्या ओढीने दोन भाग एकमेकांना धरून राहतात. लावलेल्या टॉर्कपैकी साधारण निम्मा नटाच्या बुडाखालच्या घर्षणात जातो, ४० टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात, आणि जेमतेम १० टक्के बोल्ट ताणायला उरतो. आता घर्षण थोडंसं कमी झालं तर त्या १० टक्क्यांचे बघता बघता १५ होतात. रेंच तर तोच आकडा दाखवून क्लिक करतो.

हिशेबाला सोपं सूत्र आहे: टॉर्क = के × व्यास × ताण. के म्हणजे घर्षणाप्रमाणे बदलणारा गुणांक, व्यास मीटरमध्ये, ताण न्यूटनमध्ये. कोरड्या, स्वच्छ आट्यांना के साधारण ०.२०, हलकं इंजिन ऑइल असेल तर ०.१५, ग्रीस किंवा अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) असेल तर ०.१२-०.१३.

चाकाचा नट घ्या. १०८ भागिले (०.२० × ०.०१२) म्हणजे ४५,००० न्यूटन, एका नटामागे साडेचार टनांच्या वर ओढ. त्याच स्टडला ग्रीस फासलं आणि तोच १०८ लावला तर ६९,००० न्यूटन, म्हणजे सात टन. १०.९ ग्रेडच्या १२ मिमी बारीक आट्यांच्या स्टडचं प्रूफ लोड, म्हणजे कायमचा न ताणता तो सोसू शकेल ती ओढ, ७३,००० च्या आसपास असतं, तेव्हा तो उंबरठ्यावर जाऊन बसला. ८.८ ग्रेडचा असता तर ५३,००० लाच त्याची हद्द संपली असती.

म्हणून आकड्याबरोबर नेहमी विचारायचं: हा कोरडा की ओला? मॅन्युअलमध्ये काही लिहिलेलं नसेल तर स्वच्छ आणि कोरडा समजायचा.

किनाऱ्यावरचा

पण समुद्राकाठी हे कसं चालायचं? मालवण, वेंगुर्ला, खाली गोव्यापर्यंत, खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात स्टड लालभडक होतात आणि रिम हबला चिकटून बसतं. रस्त्यात पंक्चर झालं की चाक निघत नाही. इथले मेकॅनिक स्टडला ग्रीस लावतात ते काही उगाच नाही. ग्रीस लावून टॉर्क २०-२५ टक्के कमी केला तर?

ताण_आणि_पकड

अडचण खरी आहे, पण टक्केवारी कापण्यात धोका असा की ग्रीस किती, कुठलं, नटाच्या बुडाला लागलं की फक्त आट्यांना, यावर के बदलत राहतो. चार नटांना चार वेगवेगळे ताण मिळतात. नटाचा निमुळता भाग रिमच्या खळग्यात बसतो ना, तिथे ग्रीस पोचलं तर सगळा हिशेबच कोलमडतो.

रिम चिकटतं ते हबच्या मधल्या उंचवट्यावर आणि सपाट तोंडावर. तिथला गंज वायर ब्रशने काढून अँटी-सीझचा अगदी पातळ हात फिरवा, बोटाने पुसल्यासारखा. स्टड वायर ब्रशने साफ करा, कापडाने पुसा, कोरडे ठेवा. दर सहा महिन्यांनी, पावसाळ्याआधी आणि नंतर, चाकं एकदा काढून परत लावली तर किनाऱ्यावरही स्टड जाम होत नाहीत. स्टडचे आटे गंजाने खाल्लेच असतील तर तो स्टड बदला. तो ठोकून काढता-घालता येतो आणि त्याची किंमत फार नसते.

हब_आणि_बेअरिंग

आता हब नट. धागाकर्त्याचा तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे म्हणून जरा लांबीने लिहितो.

सोडताना गाडी जमिनीवर, पहिल्या गिअरमध्ये, मागच्या चाकांना पुढून-मागून उटी. मधली टोपी काढा. नटाच्या कॉलरचा एक भाग ॲक्सलच्या खाचेत ठोकून बसवलेला दिसेल. बारीक छिन्नी त्याच्याखाली सरकवून तो पूर्ण उचला. अर्धवट उचललात तर नट फिरताना तो दाबलेला ओठ ॲक्सलच्या आट्यांवरून खरवडत येतो, आणि मग नवा नट हाताने चढत नाही. त्यानंतर ३२ ची सहा-कोनी गोटी आणि ६० सेंमीची टॉमी (गोटी फिरवायचा लांब दांडा). बारा-कोनी गोटी कोपरे गोल करते. टॉर्क रेंचने नट सोडू नका. जुना नट गंजामुळे २५० एनएमच्याही पुढे धरून बसलेला असू शकतो, आणि तेवढ्याने २०० चा रेंच कायमचा बिघडतो.

नट सैल झाल्यावर गाडी उचला, स्टँडवर घ्या, चाक काढा. नकल (हब धरून ठेवणारा भाग) मोकळं करायला खालचा बॉल जॉइंट, म्हणजे नकल आणि खालच्या आर्ममधला सांधा, सोडावा लागतो. ॲक्सलचं टोक हबमधून बाहेर ढकलताना नट टोकापर्यंत फिरवून त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून ठोका, उघड्या आट्यांवर हातोडा नाही. आतला जॉइंट गिअरबॉक्समधून काढायचा असेल तर पहारीने त्याच्या लोखंडी बुडाला रेटा द्या. शाफ्ट धरून ओढला की आतला जॉइंट सुटून येतो आणि बुटाला हिसका बसतो. हे करण्याआधी गिअरबॉक्सचं ऑइल काढलेलं हवं, नाहीतर सगळं फरशीवर. तुमची दोन्ही कामं एकदम आहेत हे त्यामुळे सोयीचंच झालं.

बसवताना ॲक्सलचे आटे वायर ब्रशने साफ. नवा नट. नटाच्या बसणाऱ्या तोंडावर, म्हणजे जे हबला टेकतं त्या कड्यावर, इंजिन ऑइलचा एक हलका हात. होंडाच्या मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट सांगितलेलं असतं आणि १८१ हा आकडा त्या तेलासकट दिलेला आहे. वरचं सूत्र लावलं तर बेअरिंगवर चार ते साडेपाच टनांच्या मधली पकड निघते. तेल न लावता १८१ लावला की पकड खालच्या बाजूला जाते, ग्रीस भरलं की वरच्या. चाकाच्या नटांना कोरडं आणि हब नटाला तेल, यात विसंगती नाही. दोन्ही ठिकाणी आकडा ज्या स्थितीसाठी दिला तीच स्थिती ठेवायची एवढंच.

नट पूर्ण आवळेपर्यंत गाडीचं वजन त्या चाकावर देऊ नका आणि गाडी ढकलू तर अजिबात नका. आत दुहेरी बेअरिंग असतं, त्याच्या आतल्या कड्या या नटाच्या दाबाने एकत्र धरलेल्या असतात. दाब नसताना वजन आलं की गोळ्या धावेच्या कडेवर रुततात आणि बारीक खळगे पडतात. त्या दिवशी काहीच कळत नाही. दोन-तीन महिन्यांनी ६० च्या वेगाला घूं घूं सुरू होते आणि लोक टायरला दोष देत बसतात.

मग हवेत असताना आवळायचं कसं? डिस्क दोन चाकाच्या नटांनी हबवर बसवा, एकाने ब्रेक पेडल घट्ट दाबून धरा, दुसऱ्याने रेंच ओढा. ४५ सेंमीच्या रेंचवर १८१ म्हणजे टोकाला ४१ किलोची ओढ, सावकाश आणि एका लयीत. डिस्कच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर अडकवून करणारे बरेच आहेत, पण त्याने डिस्कच्या पाकळ्या तुटतात आणि कॅलिपरवर भार येतो. माणूस मिळत असेल तर पेडलच वापरा.

शेवटी कॉलर ॲक्सलच्या खाचेत गोल टोकाच्या पंचने ठोकून बसवा. जुना नट नको म्हणतात ते इथेच कळेल: त्याची कॉलर एकदा वाकून उलगडली आहे, परत ठोकली की चिरते, आणि जिथे चिरत नाही तिथे जुना खळगा खाचेसमोर येईलच असं नाही. मग "जरा मागे घेऊ" म्हणून नट ढिला केला जातो. नव्या नटाची किंमत बेअरिंगपुढे काहीच नाही.

सरळ_रेघ

हब_आणि_बेअरिंग काका, फार नेमकं लिहिलंत. बॉल जॉइंटच्या खाचांच्या नटाचं जोडते. मॅन्युअलमध्ये त्याचा टॉर्क एका आकड्यात नसून पल्ल्यात असतो. आधी खालचा आकडा लावायचा, मग पिनेचं भोक समोर येईपर्यंत फक्त पुढे आवळायचं. भोक जुळवायला नट मागे घ्यायचा नाही. पिन नेहमी नवी.

आणि त्याच वेळी लोअर आर्मचा रबर बुशचा बोल्ट सोडला असेल तर तो शेवटचा, गाडी चाकांवर उभी असताना आवळायचा. चाक लोंबकळत असताना आवळला तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं.

मोकळा_पान्हा

सगळ्यांचे आभार, हब नट आता स्पष्ट झाला. गिअरबॉक्स ऑइलचं जरा क्रमाने सांगाल का? आणि रेंच बरोबर आहे की नाही हे घरी कसं तपासायचं? मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून आणला होता, दोन वर्षं डब्यातच पडून आहे.

आटे_सांभाळा

आधी फिलर प्लग सोडून बघा, मगच ड्रेनला हात लावा. ड्रेन उघडून ऑइल गेलं आणि फिलर जाम निघाला तर गाडी जागेवरच अडकली. ड्रेन प्लगला चौकोनी खाच आहे, ३/८ चा रॅचेट थेट बसतो. खाचेतली माती आधी खिळ्याने उकरून काढा, नाहीतर रॅचेट अर्धाच बसतो आणि खाच गोल होते.

गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून कोमट झाल्यावर ऑइल काढा. प्लगच्या टोकाला चुंबक असतो. त्यावर करड्या रंगाचं मऊ पीठ दिसेल, ते चालतं. बोटाला टोचणारे तुकडे किंवा चकचकीत खपल्या दिसल्या तर आत काहीतरी झिजतंय. पुसून, नवा ॲल्युमिनियमचा वायसर घालून प्लग आधी हाताने फिरवा. तीन-चार आटे बोटांनी सहज जायला हवेत. पहिल्याच आट्याला अडतोय तर तिरका बसलाय, उलटा फिरवून "टक्" जाणवेपर्यंत आणा आणि मग पुढे.

आता ३९. लोक इथे अंदाजाने आवळतात आणि जवळपास नेहमीच जास्त आवळतात. २५ सेंमीच्या रॅचेटवर ३९ एनएम म्हणजे टोकाला फक्त १६ किलोची ओढ. गाडीखाली आडवं पडून, पाय टेकवून ओढणारा माणूस सहज ३० किलो लावतो, म्हणजे ७० च्या वर गेला. पहिल्या वेळी काही होत नाही, आटे नुसते ताणतात. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी प्लगबरोबर ॲल्युमिनियमची चांदीसारखी स्प्रिंग बाहेर येते.

भरायचं ते साधारण दीड लिटर, पण खरं माप फिलरचं भोक. गाडी चारही बाजूंनी समतल उचललेली हवी. फक्त पुढून जॅक लावून भरलं की पातळी चुकते. भोकातून ऑइल पाझरायला लागलं की थांबा, धार थेंबावर येऊ द्या, नवा वायसर, ४४. ऑइल होंडाचं एमटीएफच (मॅन्युअल गिअरबॉक्सचं ऑइल) घ्या. जाड गिअर ऑइल घातलं की सकाळी थंड असताना पहिला-दुसरा गिअर अडतो.

तराजू

रेंच तपासायची घरगुती रीत, पाण्याच्या कॅनने.

व्हाइसमध्ये मोठा बोल्ट आडवा घट्ट पकडा, डोकं बाहेर. त्यावर गोटी आणि रेंच लावा, दांडा उजवीकडे आडवा, म्हणजे वजन आवळण्याच्या दिशेने ओढेल. रेंचच्या चौकोनाच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा, समजा ४० सेंमी. २० लिटरचा भरलेला कॅन काट्यावर तोला, समजा २१ किलो. दोरीने मुठीच्या मध्यावर सावकाश लटकवा, हिसका नको. २१ × ९.८१ × ०.४० म्हणजे ८२ एनएम. त्यात रेंचचं स्वतःचं वजन मिळवा: १.३ किलोचा रेंच, त्याचा मध्य २० सेंमीवर, म्हणजे अडीच एनएम. एकूण ८५. आता ८० वर लावलेला रेंच क्लिक व्हायला हवा आणि ९० वर लावलेला व्हायला नको. दोन्ही जमलं तर घरच्या कामाला तो चालेल. या प्रकारच्या रेंचला आयएसओ ६७८९ प्रमाणे ४ टक्के इकडे-तिकडे मुभा असते.

नापास झाला तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या कॅलिब्रेशन लॅबमध्ये द्या. भोसरी-चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यात कारखान्यांची गेज तपासणाऱ्या लॅब असतात. मापात बसवण्याचा स्क्रू घरी फिरवू नका. वापराच्या हिशेबाने वर्षातून एकदा किंवा ५,००० क्लिकनंतर तपासणी, हा सर्वसाधारण नेम आहे.

दोन वर्षं डब्यात होता तर तो कुठल्या आकड्यावर ठेवला होता ते बघा. वरच्या आकड्यावर ठेवला की आतली स्प्रिंग सैल पडते. काम झालं की सर्वात खालच्या खुणेवर आणायचा, त्याच्याही खाली नाही. आणि काम सुरू करण्याआधी मधल्या आकड्यावर पाच-सहा क्लिक करून घ्या, आतलं ग्रीस परत पसरतं.

ताण_आणि_पकड

यात वापरण्याची शिस्तही जोडून ठेवू या. मूठ मध्येच धरायची, दोन्ही हात दांड्यावर पसरून नाही. पहिल्या क्लिकला थांबायचं. "खात्रीसाठी" दुसरा क्लिक केला की प्रत्येक वेळी थोडा ताण वाढतो.

आणि क्लिक होताना नट फिरत असायला हवा. आधीच रॅचेटने घट्ट केलेल्या नटावर रेंच ठेवला आणि न हलता क्लिक झाला तर त्यावरून काहीच कळत नाही, तो १०८ वर असेल किंवा १६० वर. अर्धा फेरा सोडा आणि रेंचने परत या. पंक्चरच्या दुकानात बंदुकीने मारलेल्या चाकांवर नंतर नुसता टॉर्क रेंच "तपासायला" लावतात, त्याचा उपयोग नाही तो याचमुळे. नट सोडून, हाताने चढवून, समोरासमोरच्या क्रमाने आधी ५० आणि मग १०८ लावला तरच अर्थ आहे. एका बाजूने क्रमाने आवळलं की रिम तिरकं टेकतं. अलॉय असतील तर ५०-१०० किलोमीटरनंतर परत एकदा बघा.

दगडी_घाट

बोलेरो-स्कॉर्पिओसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचं कुणी लिहील का? डिफरन्शियलच्या पुढच्या तोंडाचं ऑइल सील गळत असेल तर पिनियन नट (डिफरन्शियलमध्ये जाणाऱ्या दात्याच्या शाफ्टवरचा नट) काढावाच लागतो. त्याला किती टॉर्क?

हब_आणि_बेअरिंग

दादा, तो नट निव्वळ टॉर्कच्या आकड्यावर आवळायचा नसतो. आधी डिफरन्शियलमध्ये शिम (पातळ चकत्या) आहेत की दबणारी स्लीव्ह (नळी), ते मॅन्युअलमध्ये बघा. स्लीव्ह असेल तर नट आवळताना ती चेपते आणि पिनियनच्या दोन टेपर बेअरिंगांवर किती दाब राहील ते तीच ठरवते. तिथे मोजायचा तो नट आवळण्याचा टॉर्क नव्हे, तर पिनियन हाताने फिरवताना लागणारा बारीक टॉर्क. तो १ ते ३ एनएमच्या घरात असतो आणि त्यासाठी काटा दाखवणारा छोटा रेंच लागतो, क्लिकवाला नाही.

फक्त सील बदलताना: प्रॉपेलर शाफ्टच्या आणि पिनियनच्या फ्लँजवर समोरासमोर पंचची खूण करून शाफ्ट सोडा, परत त्याच जागी बसला नाही तर थरथर येते. चाकं हवेत, ब्रेक घासत नाहीत याची खात्री करून पिनियन फिरवण्याचा टॉर्क मोजून लिहून ठेवा. मग नट, फ्लँज आणि पिनियनवर एका रेषेत खुणा आणि बाहेर दिसणारे आटे मोजा. परत आवळताना खुणेपर्यंत आणा, मग अगदी थोडं पुढे, आणि दर वेळी फिरवून मोजा. लिहिलेल्या आकड्यापेक्षा किंचित वर आलात की थांबा. पुढे गेलात तर नट सोडून उपाय होत नाही, चेपलेली स्लीव्ह परत फुगत नाही. डिफरन्शियल उघडून नवी स्लीव्ह घालावी लागते. इथे हवेची बंदूक वापरली की बेअरिंग गेलंच.

दोन_अंश

पोलो-रॅपिडवाल्यांसाठी थोडं. चाकाचे बोल्ट १२० एनएम. पण ॲक्सल, फ्लायव्हील अशा ठिकाणी तुम्हाला "इतके एनएम अधिक इतके अंश" असं दिसेल. ते बोल्ट मुद्दाम लवचीकतेच्या हद्दीपर्यंत ताणायचे असतात. पहिला टॉर्क फक्त सगळं टेकवण्यासाठी, पुढचा कोन खरा ताण देतो, त्यामुळे घर्षणाचा फरक जवळपास निघून जातो. डोक्यावर आणि शेजारी रंगाची खूण करून कोन मोजा. एकदा ताणलेला बोल्ट परत वापरायचा नाही, तो दिसायला ठणठणीत असला तरी. कोनाऐवजी "साधारण इतका टॉर्क होतो" असे आकडे नेटवर फिरतात, ते घेऊ नका.

सरळ_रेघ

गिअरबॉक्सच्या वरच्या बोल्टपर्यंत गोटी पोचत नाही तिथे लोक कावळ्याच्या चोचीसारखा पाना रेंचच्या पुढे लावतात. तो सरळ रेषेत पुढे लावला तर रेंचची लांबी वाढते आणि टॉर्क जास्त जातो. लावायचा आकडा = हवा तो टॉर्क × रेंचची लांबी ÷ (रेंच + चोच). ४५ सेंमीचा रेंच, ५ सेंमीची चोच, हवेत ६४, तर लावायचे ५७.६. चोच काटकोनात वळवून लावली तर आकडा तोच ठेवला तरी चालतो. गोटीखालची सरळ एक्स्टेन्शन दांडी आकडा बदलत नाही, पण लांब आणि बारीक असेल तर पिळते, म्हणून जाड घ्या.

मोकळा_पान्हा

३/८ चा १० ते ६० चा रेंच मिळाला. आधीच्या अर्धा इंची रेंचची कॅनने तपासणी केली, ८० ला क्लिक झाला, ९० ला नाही. नवा हब नट, दोन वायसर, पिन आणि बूट किट आणलं आहे. शेवटचा प्रश्न: ड्रेन प्लगचे आटे आधीच्या कुणी खराब केले असतील तर ओळखायचं कसं, आणि ३९ लागलाच नाही तर?

आटे_सांभाळा

प्लग काढल्यावर त्याच्या आट्यांत बघा. चांदीसारखे कण किंवा तार अडकलेली दिसली तर ते केसिंगचं ॲल्युमिनियम. भोकात टॉर्च मारा, पहिले एक-दोन आटे बोथट असतील तर चालतं, मधले गेले असतील तर नाही.

आवळताना वायसर टेकल्यावर टॉर्क भराभर चढायला हवा, पाव फेऱ्याच्या आत क्लिक. प्लग मऊ वाटत फिरतोय आणि रेंच जड होत नाही असं झालं तर त्याच क्षणी थांबा, आणखी फिरवून काही मिळत नाही. टेफ्लॉन टेप गुंडाळणं, एमसील थापणं, मोठा प्लग ठोकून आटे पाडणं, यातलं काहीही नको. हेलिकॉइल किंवा तशा धातूच्या आट्यांचं इन्सर्ट बसवता येतं, फक्त ड्रिल आणि टॅपच्या खोबणीत ग्रीस भरा म्हणजे चुरा त्याला चिकटतो, दर दोन फेऱ्यांनी काढून पुसा, आणि शेवटी फिलरमधून थोडं स्वस्त ऑइल ओतून खालून वाहू द्या. ॲल्युमिनियमचा चुरा चुंबकाला लागत नाही, तो आत राहिला तर सरळ बेअरिंगमध्ये जातो.

काम झाल्यावर प्लगच्या भोवतालचा भाग कोरडा पुसून ठेवा, ५० किलोमीटर चालवा, मग कागदी रुमाल लावून बघा. ओलावा दिसला तर आणखी आवळू नका. ऑइल काढा, वायसर बघा. बहुतेक वेळा जुना वायसर केसिंगलाच चिकटून राहिलेला असतो आणि नवा त्याच्यावर बसलेला. नखाने खरवडून काढा, नवा एकच घाला आणि परत ३९.